पाच तारे आणि एक दुपार

(आकाशवाणीवरून केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



तारे हा आम्हा कवी मंडळींचा पिढीजात माल आहे. मीही गेली तीस वर्षे तो थोडाफार वापरत आलो. पण ज्या ताऱ्यांसाठी मी खिशातून रोख पैसे मोजले, ते आकाशातले नव्हते. ते एका कागदी पट्टीवर छापलेले होते आणि ती पट्टी एका एसीवर, म्हणजे वातानुकूलन यंत्रावर चिकटवलेली होती. आज त्या पाच ताऱ्यांबद्दल बोलायचे आहे. मी बी.ए. झालेला माणूस, तेही मराठी घेऊन. विजेशी माझे नाते बिल भरण्यापुरते. तेव्हा श्रोत्यांत कुणी इंजिनियर असतील तर त्यांनी सांभाळून घ्यावे. पण मला जे कळले ते एका वाईट दुपारीनंतर कळले, आणि तशी दुपार तुमच्या घरी येऊ नये म्हणून सांगतो आहे.

आम्ही सोलापूरचे. आमचे जुने घर माळवदाचे होते. हातभर जाडीच्या भिंती आणि वर लाकडावर अंथरलेली पांढरी माती. बाहेर मे महिना पेटलेला असायचा आणि आत अम्मी निवांत तांदूळ निवडत बसलेली असायची. पुढे घर पाडून आम्ही स्लॅबचे बांधले. घर मोठे झाले, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत डोक्यावर उष्णता ओतत राहायचा. पंखा तीच गरम हवा फिरवायचा. अम्मीचे वय झाले, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा २०१८च्या एप्रिलमध्ये मी तिच्या खोलीत एसी बसवायचे ठरवले.

दुकानदार म्हणाला, "सर, हा घ्या. फाइव्ह स्टार आहे, आणि भावही उतरवून देतो." मी तारे मोजले. बरोबर पाच होते. मी घेऊन आलो.

पुढच्या वर्षी, २०१९ साली, रमजान मे महिन्यात आला होता. डॉक्टरांनी रोजे धरू नका म्हणून बजावले होते, तरी अम्मीने हट्टाने दोन-तीन धरलेच. त्याच आठवड्यात एप्रिलचे बिल आले. ते हातात घेऊन मी बैठकीत उभ्या उभ्या बोललो, "हा एसी एक दिवस आपल्याला विकून खाणार." एवढेच बोललो आणि विसरून गेलो. अम्मी विसरली नाही.

दोन दिवसांनी मी काही कामासाठी दुपारी तीनला अवचित घरी आलो. अम्मीच्या खोलीचे दार उघडले तर तोंडावर वाफ आली. खिडक्या बंद, एसी बंद, आणि अम्मी पलंगावर निपचित. हाक मारली तर डोळे उघडले, पण बोलता येईना. रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेले, सलाईन लागले. संध्याकाळी ती शुद्धीवर आली. मी घरातून बाहेर पडलो की ती रोज एसी बंद करत होती आणि मी यायच्या वेळी पुन्हा चालू करत होती, हे तेव्हा कळले. मी रागावलो. तिने शांतपणे माझ्याकडे पाहिले आणि आमच्या दखनीत विचारले, "कित्ते पैशे बचे रे, बेटा?"

मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्या यंत्राला तासाला किती वीज लागते, हे मला ठाऊक नव्हते. मी फक्त बिलाचा शेवटचा आकडा पाहून ओरडलो होतो. आणि न कळणाऱ्या आकड्याची भीती माणसाला कुठवर नेते, ते समोर सलाईनच्या बाटलीखाली दिसत होते.

माझा एक भाचा आयटीआयमधून एसी-फ्रिजच्या दुरुस्तीचे काम शिकलेला आहे. तो भेटायला आला तेव्हा मी म्हटले, "अरे, पाच ताऱ्यांचा एसी, मग बिल एवढे कसे?" त्याने पट्टी नीट वाचली आणि हसला. "मामू, तारे नक्को देखो, तारीख देखो." पट्टी २०१७ची होती.

इथे थोडी मागची हकिकत सांगतो. ऊर्जा संवर्धनाचा कायदा आपल्याकडे २००१ साली झाला आणि त्याखाली २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. या ब्यूरोने २००६ मध्ये ताऱ्यांच्या पट्टीची योजना सुरू केली. घरगुती एसीला ती २०१० पासून सक्तीची झाली. योजनेतली खरी मेख अशी, की ताऱ्यांची मोजपट्टी कायमची नसते. यंत्रे सुधारत जातात तशी ब्यूरो ती दर काही वर्षांनी कडक करतो. २०१७चा पाच ताऱ्यांचा एसी जानेवारी २०१८च्या नव्या मोजपट्टीवर तीन ताऱ्यांवर येत होता. पुढे त्या नव्या मोजपट्टीवरचा साडेचार गुणोत्तराचा पंचतारांकित एसी जुलै २०२२ मध्ये पुन्हा एक तारा खाली उतरला.

दुकानदार खोटे बोलला नव्हता. त्याने मला मागच्या वर्षीचा माल दिला होता, आणि त्यावर तारे पाचच होते. आम्ही बी.ए. झालो तेव्हा गल्लीतले लोक पत्रे वाचून घ्यायला आमच्याकडे यायचे. आज त्याच पदवीवर कुणी ढुंकून पाहत नाही. पदवी खोटी नव्हती, काळाची मोजपट्टी बदलली. म्हणून पट्टीवर त्या ताऱ्यांची मुदत कुठून कुठपर्यंत आहे ते छापलेले असते. पहिली नजर तिथे टाकावी.

आता तारे कशावरून ठरतात ते पाहू. पट्टीवर एक लहानसा आकडा असतो, चार, साडेचार, पाच असा. त्याला आयएसईईआर म्हणतात. मराठीत सांगायचे तर भारतीय हंगामी ऊर्जा कार्यक्षमता गुणोत्तर. नाव लांब आहे, अर्थ सोपा. हंगामभरात यंत्राने खोलीतली जेवढी उष्णता बाहेर काढली तिला खर्च झालेल्या विजेने भागायचे. आकडा पाच असेल तर एक युनिट वीज घेऊन यंत्राने पाच युनिट उष्णता बाहेर टाकली.

मी भाच्याला अडवले. एक घालून पाच कसे निघतील? ही तर जादू झाली. तो म्हणाला, "मामू, हमाल धान्य पिकवतो का? तो पोती इकडून तिकडे नेतो." मला पटले. एसी गारवा तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. म्हणून तर त्याच्या बाहेरच्या पेटीसमोर उभे राहिले की गरम झळ लागते. वाहतुकीला लागणारी मजुरी मालाच्या किमतीपेक्षा कमी असते, एवढेच त्यातले रहस्य. हेच यंत्र उलटे चालवले तर बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणता येते. त्याला हीट पंप म्हणतात. न्हाणीघरातल्या गिझरची कॉइल एक युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देते. पाणी तापवणारा हीट पंप तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट उष्णता पाण्यात आणून सोडतो. मात्र आपल्याकडच्या एसीवरचे तारे थंडाव्याच्या कामाचे असतात. थंड आणि गरम अशी दोन्ही कामे करणारा एसी कुणी घेत असेल तर गरम करण्याची कार्यक्षमता त्याने वेगळी विचारावी.

पण हमालाला माळा किती उंच आहे यावर कष्ट पडतात. विहिरीचे पाणी खोल गेले की मोट ओढणारे बैल दमतात, तसेच हे. बाहेर ४३ अंश आणि आत तुम्हाला १८ हवे असतील तर उष्णतेला पंचवीस पायऱ्या चढवायच्या. आत २६ ठेवले तर सतराच. तापमान एका अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरो सांगतो. जानेवारी २०२० पासून ताऱ्यांची पट्टी असलेले नवे एसी सुरू करताच आपोआप २४ अंशांवर यावेत असा नियम झाला, त्यामागे हेच गणित आहे. आणि १६ वर लावले म्हणजे खोली लवकर गार होते, हा आपला गैरसमज आहे. खोली आपल्या गतीनेच गार होते, यंत्र मात्र जास्त वेळ राबत राहते.

या आकड्यात 'हंगामी' शब्द का आला? पूर्वी यंत्राची परीक्षा एकाच ठरावीक तापमानाला व्हायची. पण आपली हवा एका तापमानावर बसून राहते का? २०१५ मध्ये आधी ऐच्छिक म्हणून आणि २०१८ पासून सर्वांना सक्तीने नवी परीक्षा आली. तिच्यात बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंशांपर्यंत बदलते धरतात आणि वर्षाला १६०० तास वापर धरतात. या परीक्षेत इन्व्हर्टर एसी पुढे जातो, कारण तो गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. जुन्या पद्धतीचा एसी पूर्ण जोराने चालतो, थांबतो, पुन्हा पूर्ण जोराने चालतो.

आता कागद-पेन्सिल घ्या, सोपा हिशेब करू. समजा हंगामात तुमच्या खोलीतून ४००० युनिट उष्णता काढायची आहे. गुणोत्तर ४ असलेल्या यंत्राला १००० युनिट वीज लागेल, ५ असलेल्याला ८००. पट्टीवर वर्षाची युनिटे अशीच छापलेली असतात, १६०० तासांची. फरक २०० युनिटांचा. त्याचे पैसे किती? इथे बहुतेकांची चूक होते. महावितरणचे घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढते. शंभर युनिटांपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, पुढे चौथा. दिवे, पंखे, फ्रिज यांची युनिटे खालच्या टप्प्यांत बसून जातात. एसी नंतर घरात येतो, म्हणून त्याची युनिटे वरच्या महाग टप्प्यात पडतात. तेव्हा एसीचा हिशेब सरासरी दराने न करता आपल्या बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने करावा. तो सगळे आकार मिळून युनिटला १२ रुपये धरला तर २०० युनिटांचे २४०० रुपये झाले. पाच ताऱ्यांचे यंत्र दहा हजारांनी महाग असेल तर चार-सव्वाचार वर्षांत पैसे फिटले. एसी त्याहून अधिक वर्षे टिकतो, म्हणजे व्यवहार फायद्याचा.

पण थांबा. हा १६०० तासांचा हिशेब झाला. २०२३ साली मुलीच्या खोलीसाठी एसी घ्यायची वेळ आली. ती शिकायला बाहेरगावी, उन्हाळ्यात महिना-दीड महिना घरी यायची. रात्रीचे आठ-दहा तास धरले तरी वर्षाचे चारशे. मग वाचणार पन्नास युनिटे, म्हणजे सहाशे रुपये. दहा हजार फिटायला सोळा वर्षांहून जास्त! मी तीन ताऱ्यांचा घेतला. दुकानदाराला वाटले गिऱ्हाईक चिक्कू आहे. मला वाटले, आयुष्यात प्रथमच मी पट्टी पूर्ण वाचली. जिथे यंत्र रोज, तासन्‌तास चालणार आहे, म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत, दवाखान्यात, दुकानात, तिथे जास्त ताऱ्यांचे पैसे जरूर मोजावेत.

आणखी एक शब्द सगळे बोलतात आणि कुणी विचारत नाही. टन. दीड टनाचा एसी म्हणजे त्याचे वजन नव्हे. हा शब्द बर्फाच्या व्यापारातून आला. १८३३ साली अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला आला होता, पुढे मुंबई-मद्रासलाही येऊ लागला. त्या जमान्यात गारवा बर्फाच्या वजनावर मोजत. अमेरिकन हिशेबाचा एक टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी काढणारे यंत्र एक टनाचे. आजच्या भाषेत साधारण ३५०० वॉट. म्हणजे दीड टनाचा एसी आपल्या खोलीत रोज तेराशे-साडेतेराशे किलो बर्फ आणून ठेवण्याचे काम करतो! पण 'दीड टन' या नावाखाली थोडे कमी-जास्त क्षमतेची यंत्रे विकली जातात. खरा आकडा पट्टीवर वॉटमध्ये दिलेला असतो. दोन यंत्रांची तुलना करताना तोही पाहावा, नाहीतर कमी युनिटे खाणारे यंत्र मुळात कमी कामाचे निघायचे.

आणि हो, आधुनिक एसी पहिल्यांदा बसला तो माणसाच्या सुखासाठी नव्हे. १९०२ साली विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनियरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी त्याची योजना केली. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत. म्हणजे गारव्याचा पहिला मान कागदाला मिळाला. कवी म्हणून मला याचा थोडा आनंद आहे. हवेतला ओलावा काढणे हे एसीचे आजही एक महत्त्वाचे काम आहे. मुंबई-कोकणात त्याच्या नळीतून धार लागते ती त्यामुळेच. आमच्या सोलापूरला किंवा विदर्भात उन्हाळी हवा कोरडी असते. तिथे वाळ्याच्या जाळीचा कूलर एसीच्या तुलनेत अगदी थोड्या विजेत चांगला गारवा देतो. पावसाळी दमटपणा आला की तो हरतो. ज्यांचे कूलरवर भागते त्यांनी शेजाऱ्याच्या ताऱ्यांकडे पाहून एसी आणू नये.

शेवटी, पट्टीवर काय नसते तेही सांगतो. ताऱ्यांची परीक्षा प्रयोगशाळेत होते. तुमचा तापलेला स्लॅब, फटींची खिडकी, धुळीने बुजलेली जाळी यांना तारे नसतात. भाच्याने आमच्या गच्चीवर चुन्याचे दोन जाड हात दिले, खिडकीच्या फटी बुजवल्या, एसीची जाळी दर पंधरवड्याला धुवायला शिकवले, आणि एसीबरोबर पंखा सावकाश चालू ठेवून तापमान २६ वर न्यायला लावले. यंत्र तेच, तारे तेच. पुढच्या बिलाचा फरक माझ्यासारख्या मराठीच्या माणसालाही दिसला. पट्टी खरी आहे का याची शंका आली तर ब्यूरोचे मोबाईल अ‍ॅप आहे, त्यात मॉडेल तपासून पाहता येते. हेही भाच्यानेच दाखवले.

आता अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर. आमचे यंत्र पूर्ण जोरात चालले तर तासाला दीड युनिट घेत होते. त्या वेळचा दर दहा रुपये धरला तर तासाला पंधरा रुपये, तेही जास्तीत जास्त. त्या दुपारी तिने चार तास एसी बंद ठेवला होता. वाचले साठ रुपये.

मी तो हिशेब एका कागदावर मांडला. अम्मीला उर्दू वाचता यायचे, म्हणून उर्दूत मोठ्या अक्षरांत लिहिले, 'एक घंटा, पंधरा रुपये', आणि तो कागद रिमोटच्या वर भिंतीला चिकटवला. तिने चष्मा लावून वाचला. मग म्हणाली, "इत्तेच? इसमें तो दो चाय आते." त्या दिवसापासून तिने दुपारी एसी बंद केला नाही. उलट कुणी नातलग आले की ती कागदाकडे बोट दाखवून त्यांना हिशेब समजावून सांगायची.

त्यानंतर अम्मी तीन उन्हाळे आमच्यात होती. आता त्या खोलीत नवा एसी आहे, त्याची पट्टी मी मुदतीसकट वाचून घेतली आहे. दरही बदलले, तासाचा आकडाही बदलला. भिंतीवरचा कागद मात्र मी काढलेला नाही. तुमच्या घरी एसी असेल आणि घरात म्हातारे माणूस असेल, तर एवढे करा. तासाला किती पैसे लागतात याचा आकडा काढा, आणि तो त्यांना त्यांच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत लिहून द्या. आणि बिल हातात आले की त्यांच्यासमोर मोठ्याने वाचू नका.